मत देण्याआधी उतारा उलगडा: विद्यार्थ्यांसाठी टप्प्याटप्प्याने पद्धत

पदवीच्या वर्गात एखादा उतारा देऊन 'यातला युक्तिवाद तपासा' असे सांगितले की बहुतेक उत्तरे एकाच वळणाने जातात. पहिल्याच ओळीत 'मी लेखकाशी सहमत आहे' किंवा 'सहमत नाही', आणि मग पानभर स्वतःची मते. लेखक नेमके काय म्हणतो आणि कशाच्या आधारावर म्हणतो, याचा पत्ताच नसतो. 'हल्लीच्या मुलांना विचारच करता येत नाही' हा शिक्षक-खोलीतला शेरा मला पटत नाही. मुले विचार करतात, पण उताऱ्यात नसलेल्या वाक्यावर. 'तर' आणि 'तरच', 'कशामुळे' आणि 'कशावरून' यांतला फरक वाचताना निसटला की पुढचा तर्क कितीही चोख असला तरी उपयोग नाही.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. सातव्या टप्प्यावरून सुरुवात करणे, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

## तयारी

उतारा शंभर ते दोनशे शब्दांचा घ्या. वाचकांचा पत्रव्यवहार, महाविद्यालयाची सूचना, माहितीपुस्तिकेतला परिच्छेद, अग्रलेखाचा एखादा तुकडा चालेल. ललित लेख किंवा कविता नको. तिथे भाषा वेगळे काम करत असते. उतारा कागदावर छापलेला असावा, दोन ओळींत भरपूर जागा असावी, आणि प्रत्येक वाक्याला क्रमांक द्यावा. पेन्सिल हवी, हायलायटर नको. हायलायटर हातात आला की अर्धा उतारा पिवळा होतो आणि कशासाठी पिवळा केला ते कुणालाच आठवत नाही.

भाषा तुम्हाला ज्यात भांडता येते ती घ्या. इंग्रजी माध्यमातल्या विद्यार्थ्यांनीही सुरुवातीचे काही उतारे मराठीतून करावेत. परक्या भाषेत शब्दांचा अर्थ लावण्यातच दम संपतो आणि वाक्यांचा एकमेकांशी संबंध पाहायचा राहून जातो.

या लेखापुरता हा नमुना उतारा घेऊ. तो मी मुद्दाम रचलेला आहे:

(१) महाविद्यालयाचे ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे ठेवायलाच हवे. (२) शेजारच्या महाविद्यालयात वेळ वाढवल्यापासून तिथला निकाल सुधारला आहे. (३) वसतिगृहातल्या सगळ्या मुलांना खोलीत अभ्यास करता येत नाही. (४) ग्रंथालय उघडे असेल तरच मुले अभ्यास करतील. (५) काही शिक्षकही याच मताचे आहेत. (६) खर्चाचे कारण पुढे केले जाते, पण विद्यार्थ्यांची काळजी असणारे प्रशासन खर्चाकडे पाहत नाही.

## टप्पा १: पेन्सिल न उचलता दोनदा वाचा

मग कागद उलटा ठेवून लेखकाला काय हवे आहे ते दोन वाक्यांत शेजारच्याला सांगा. कसोटी एकच: लेखक समोर असता तर त्याने 'हो, हेच म्हणायचे होते' अशी मान डोलावली असती का? 'लेखकाला प्रशासनावर टीका करायची आहे' म्हणालात तर लेखक मान हलवेल, पण आडवी.

सावधान: या टप्प्यावर 'पण मला वाटतं...' हे शब्द तोंडात आले तर गिळून टाका. त्यांची पाळी शेवटी आहे.

## टप्पा २: दावा शोधा

विषय आणि दावा यांत गल्लत होते. 'हा उतारा ग्रंथालयाच्या वेळेबद्दल आहे' हा विषय झाला. दावा म्हणजे ज्याला 'हे चूक आहे' असे म्हणता येते असे पूर्ण, क्रियापद असलेले वाक्य. आपल्या उताऱ्यात ते वाक्य (१) आहे.

दरवेळी तो पहिल्या वाक्यात मिळेलच असे नाही. मराठीत दावा प्रश्नाच्या वेषात खूप फिरतो. 'मग ग्रंथालय उघडे ठेवायला नको का?' हे वाक्य प्रश्नचिन्हाने संपले तरी दावाच आहे. तो सरळ विधान करून समासात लिहा.

आता 'ठेवायलाच' मधल्या 'च'कडे पाहा. 'ठेवायला हवे' म्हटले असते तर हा एक चांगला उपाय आहे, एवढे दाखवून भागले असते. 'च' आला की दुसरा मार्ग नाही, हेही दाखवण्याची जबाबदारी लेखकावर येते. वसतिगृहातच एक अभ्यासिका काढली तर? उताऱ्यात त्याबद्दल अवाक्षर नाही. समासात तशी नोंद करा आणि पुढे चला. निकाल इतक्यात देऊ नका.

तपासा: तुम्ही लिहिलेल्या दाव्यात 'हवे', 'पाहिजे', 'योग्य', 'गरजेचे' असे काही आहे का? असेल तर नुसत्या वस्तुस्थितीच्या वाक्यांनी तो सिद्ध होत नाही. काय चांगले, काय महत्त्वाचे, याबद्दलचे एखादे वाक्य आधाराला लागते. ते उताऱ्यात सापडले नाही तर टप्पा ६ मध्ये सापडेल.

## टप्पा ३: 'कशावरून?' आणि 'कशामुळे?' हे दोन प्रश्न वेगळे विचारा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'कारण' हा शब्द दोन अगदी वेगळी कामे करतो:

अ) रस्ता ओला आहे, कारण रात्री पाऊस झाला.
आ) रात्री पाऊस झाला असणार, कारण रस्ता ओला आहे.

'अ' मध्ये रस्ता ओला आहे हे दोघांनाही मान्य आहे. तो कशामुळे ओला झाला ते सांगितले आहे. 'आ' मध्ये पाऊस झाला की नाही हेच ठरायचे आहे, आणि ते कशावरून म्हणता याचे उत्तर दिले आहे. पहिले स्पष्टीकरण, दुसरा पुरावा. 'आ' ला 'टँकर सांडला असेल' असे म्हणून आव्हान देता येते. 'अ' ला तेच आव्हान द्यायचे तर पावसाबद्दल वेगळी माहिती हवी.

न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेतले धूर आणि अग्नीचे उदाहरण अकरावी-बारावीला तर्कशास्त्र घेतलेल्यांना पाठ असते, पण त्यातली दिशा बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. डोंगरावर अग्नी आहे, कशावरून? धुरावरून. धूर मात्र अग्नीमुळे होतो. पुरावा एका दिशेने जातो, कार्यकारण उलट्या दिशेने. आणि धुरावरून अग्नी सांगता आला म्हणून अग्नीवरून धूर सांगता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो; धुरासाठी ओले सरपण लागते. नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अभ्यासकांनी, त्या ओल्या सरपणाला 'उपाधी' असे नाव दिले. न सांगितलेली ही अट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

कृती अशी: 'म्हणून', 'कारण', 'त्यामुळे', 'सबब', 'यावरून' असा प्रत्येक जोडशब्द गोल करा. शेजारी 'वरून' किंवा 'मुळे' यांपैकी एक लिहा. जोडशब्दच नसेल, आणि आपल्या उताऱ्यात तो जवळजवळ नाहीच, तर प्रत्येक वाक्य दाव्यामागे 'कशावरून? तर...' असे जोडून मोठ्याने वाचा. वाक्य (२) असे जोडले की ते पुरावा म्हणून आणले आहे हे कळते. पण त्याच्या आत आणखी एक दावा लपला आहे: निकाल वेळ वाढवल्यामुळे सुधारला. लेखकाने 'मुळे' लिहिलेले नाही. 'पासून' लिहिले आहे.

सावधान: 'पासून', 'नंतर', 'तेव्हापासून' हे काळाचे शब्द आहेत. ते वाचताना मनातल्या मनात 'मुळे' होतात, आणि लिहिणाऱ्याला ते पुरते ठाऊक असते.

## टप्पा ४: बारीक शब्दांची झडती

नामे आणि विशेषणे सगळे वाचतात. तर्काचा भार बहुतेक वेळा एक-दोन अक्षरांच्या शब्दांवर असतो.

'सगळे... नाही'. वाक्य (३) चे दोन अर्थ होतात. एक, कुणालाच खोलीत अभ्यास करता येत नाही. दुसरा, सगळ्यांनाच करता येतो असे नाही. काहींना येतो, काहींना नाही. बोलताना आवाजाच्या चढउतारावरून अर्थ कळतो, कागदावर आवाज नसतो. अशा वेळी वाक्य दोन्ही प्रकारे पुन्हा लिहून काढा: 'एकालाही येत नाही' आणि 'सगळ्यांनाच येते असे नाही'. मग यांतल्या कोणत्या अर्थावर दावा उभा राहतो आणि कोणता अर्थ खरा असण्याची शक्यता जास्त आहे, ते पाहा. पुष्कळदा लेखक सिद्ध करतो दुसरा आणि वापरतो पहिला. परीक्षेच्या निकालानंतर 'सगळे पास झाले नाहीत' यावरून घराघरांत जो गोंधळ होतो, तो हाच.

'काही'. बोलण्यात 'काही' म्हटले की 'सगळे नव्हेत' असे आपण धरून चालतो. तर्काच्या प्रश्नांत 'काही' म्हणजे किमान एक, मग सगळेही असू शकतात. यूजीसी नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेच्या पेपर १ मध्ये तर्काचा स्वतंत्र घटक आहे, त्यात भारतीय तर्कशास्त्रही येते. 'काही अ हे ब आहेत' यावरून 'काही अ हे ब नाहीत' असा निष्कर्ष काढून तिथे नेमाने गुण घालवले जातात.

'ही'. 'काही शिक्षकही याच मताचे आहेत'. हा 'ही' गुपचूप सांगतो की इतर बरेच जण आधीपासून या मताचे आहेत. ते कोण? उताऱ्यात नाही. 'ही' काढून वाक्य वाचा. किती बारीक होते ते दिसेल.

'पण'. 'मुलगा हुशार आहे, पण आळशी' आणि 'मुलगा आळशी आहे, पण हुशार'. माहिती तीच, शिफारस उलटी. 'पण' च्या पुढचे लेखकाला पुढे न्यायचे असते, मागचे मिटवायचे असते. म्हणून 'पण' दिसला की दोन्ही बाजूंची अदलाबदल करून पाहा. आपल्या वाक्य (६) मध्ये खर्चाचा मुद्दा 'पण' च्या मागे टाकून निकालात काढला आहे, उत्तर मात्र दिलेले नाही.

कर्ता नसलेली वाक्ये. 'पुढे केले जाते', 'म्हटले जाते', 'समजते', 'म्हणे'. कोण करते, कोण म्हणते? कर्ता घालून वाक्य लिहा. घालता आला नाही तर 'स्रोत नाही' अशी नोंद करा. शिवाय 'कारण पुढे केले जाते' मध्ये ते कारण खोटे असल्याची सूचना आधीच आहे. 'खर्च वाढेल असे प्राचार्यांचे म्हणणे आहे' असे लिहिले तर तीच गोष्ट विचार करण्याजोगी वाटते.

तपासा: या टप्प्यानंतर प्रत्येक वाक्याला किमान एक खूण असावी. एखादे वाक्य कोरे राहिले तर ते पुन्हा वाचा.

## टप्पा ५: 'तर' आणि 'तरच' वेगळे करा

सूचनाफलकावर लिहिलेले असते: '७५ टक्के उपस्थिती असेल तरच परीक्षेला बसता येईल.' विद्यार्थी वाचतो: ७५ टक्के झाली की बसता येणार. मग शुल्क थकलेले असते किंवा अर्ज भरायचा राहिलेला असतो, आणि खिडकीवर वाद होतो. सूचनेने दिलेली हमी एवढीच: ७५ टक्के नसेल तर बसता येणार नाही. असेल तर काय, यावर ती गप्प आहे. 'तरच', 'शिवाय नाही', 'आवश्यक', 'अनिवार्य' हे शब्द आवश्यक अट सांगतात. पुरेशी अट 'तर' सांगतो.

आता वाक्य (४). 'ग्रंथालय उघडे असेल तरच मुले अभ्यास करतील' याचा अर्थ, उघडे नसेल तर करणार नाहीत. हे एक तर खोटे आहे, कारण घरी आणि खोलीत अभ्यास करणारी मुले आहेतच. दुसरे, लेखकाला दाव्यासाठी वेगळेच वाक्य हवे होते: 'उघडे ठेवले तर मुले अभ्यास करतील'. 'तरच' च्या जोरात लेखक जास्त बोलला, आणि जे हवे होते ते बोललाच नाही. असे वाक्य सापडले की उत्तराचे निम्मे काम झाले.

'जर-तर' तपासायची एक खात्रीची युक्ती आहे. समोर चार पत्ते आहेत: अ, क, ४, ७. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. नियम: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम पाळला गेला आहे का हे ठरवायला कोणते पत्ते उलटावे लागतील?

मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या या कोड्यात बहुसंख्य लोक 'अ आणि ४' किंवा नुसता 'अ' सांगतात. बरोबर उत्तर 'अ आणि ७'. ४ च्या मागे काहीही असले तरी नियम मोडत नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. हेच कोडे १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी बिअर पिण्याच्या वयाच्या नियमावर बेतून विचारले, तेव्हा बहुतेकांना ते सुटले. कोण नियम मोडत असेल, हे तिथे आपोआप डोळ्यांपुढे येते.

म्हणून प्रत्येक 'जर-तर' वाक्यापुढे विचारा: हे वाक्य खोटे पाडणारा माणूस कसा असेल? वाक्य (४) साठी तो म्हणजे ग्रंथालय बंद असतानाही अभ्यास करणारा मुलगा. 'उघडे ठेवले तर अभ्यास करतील' यासाठी तो म्हणजे उघड्या ग्रंथालयाच्या पायरीवर बसून मोबाइलवर क्रिकेट पाहणारा. दोन वेगळी माणसे, म्हणजे दोन वेगळी वाक्ये.

सावधान: बोलताना लोक 'तर' म्हणून 'तरच' सुचवतात आणि उलटही. घरी 'अभ्यास केलास तर सायकल' याचा अर्थ 'नाही केलास तर नाही' हे मुलालाही कळते. नियम, कायदा, परीक्षेतले प्रश्न आणि शोधनिबंध यांत ही सवलत घेऊ नका. तिथे जे लिहिले आहे तेवढेच धरा.

## टप्पा ६: न लिहिलेले वाक्य लिहून काढा

पुरावा आणि दावा यांच्यामध्ये फट असते. ती भरणारे वाक्य लेखक गृहीत धरतो. वाक्य (२) ते (१) या उडीसाठी कमीत कमी तीन वाक्ये लागतात: तिथला निकाल वेळ वाढवल्यामुळेच सुधारला; आपले महाविद्यालय आणि ते महाविद्यालय या बाबतीत सारखे आहे; निकाल सुधारणे हे होणाऱ्या खर्चापेक्षा मोलाचे आहे. तिसरे वाक्य मूल्याचे आहे. टप्पा २ मध्ये शोधत होतो ते हेच.

चूक दोन बाजूंनी होते. कुणी 'लेखक प्रशासनविरोधी आहे' असे गृहीतक लिहितो. तो लेखकाच्या स्वभावाचा अंदाज झाला. कुणी इतके मोठे वाक्य लिहितो की ते पाडणे सोपे जावे: 'लेखकाच्या मते ग्रंथालय हाच यशाचा एकमेव मार्ग'. फट भरायला लागेल तेवढेच, लहानात लहान वाक्य लिहा.

तपासा: तुमचे गृहीतक खोटे धरा. पुरावा खरा असूनही दावा डळमळला तर गृहीतक बरोबर पकडले आहे. काहीच फरक पडला नाही तर ते गृहीतक नव्हे.

## टप्पा ७: आता हल्ला करा

ओल्या सरपणाची आठवण इथे ठेवा. निकाल सुधारण्याची दुसरी कोणती कारणे असू शकतात? त्याच वर्षी परीक्षापद्धत बदलली, प्रवेशाचा कट-ऑफ चढला, अंतर्गत गुण वाढले. यांतले काही झाले का, हे तुम्हाला माहीत असण्याची गरज नाही. ही शक्यता लेखकाने बाद केलेली नाही, एवढे दाखवले की पुरे.

वाक्य (६) चा शेवट वेगळ्या प्रकारचा सापळा आहे. 'काळजी असणारे प्रशासन खर्चाकडे पाहत नाही'. एखाद्या काळजीवाहू प्राचार्यांनी खर्चाचा हिशेब मांडलाच, तर लेखक म्हणेल, 'म्हणजे त्यांना काळजी नाही'. कुठलेच उदाहरण हे वाक्य खोटे पाडू शकत नाही, कारण व्याख्याच तशी करून ठेवली आहे. टप्पा ५ मधला प्रश्न विचारून 'असा माणूस असूच शकत नाही' असे उत्तर आले तर सावध व्हा.

तर्कदोषांची नावे अगदी शेवटी, आणि कमी. न्यायदर्शनातले पाच हेत्वाभास (सदोष आधारांचे प्रकार) किंवा इंग्रजी दोषांची यादी पाठ करून आलेला विद्यार्थी उताऱ्यात दोष शोधत फिरतो आणि नसलेला दोषही चिकटवतो. नाव न घेता दोष दोन वाक्यांत सांगता आला तरच त्याला नाव द्या.

## टप्पा ८: उत्तर लिहा

क्रम: दावा, आधार, गृहीतक, दोष किंवा ताकद, आणि सर्वांत शेवटी तुमचे मत. नमुना:

'ग्रंथालय रात्री दहापर्यंत उघडे ठेवणे अपरिहार्य आहे, असा लेखकाचा दावा आहे. शेजारच्या महाविद्यालयाचा सुधारलेला निकाल हा त्याचा मुख्य आधार. तो वेळ वाढवल्यानंतर सुधारला एवढेच उताऱ्यात आहे. त्यामुळेच सुधारला हे गृहीत धरले आहे. वसतिगृहाबद्दलचे विधान सर्वांना लागू आहे की काहींना, हे स्पष्ट नाही. ग्रंथालय उघडे ठेवल्यास मुले अभ्यास करतील, हे आवश्यक असलेले विधान लेखक करत नाही. त्याऐवजी 'तरच' वापरून न टिकणारे विधान करतो. खर्चाच्या आक्षेपाला उत्तर मिळत नाही. काही मुलांना खोलीत जागा नसेल तर मागणीत तथ्य आहे, पण दिलेल्या आधारांवरून ती अपरिहार्य ठरत नाही.'

शेवटच्या वाक्यात मत आहे आणि ते मोजून मापून दिले आहे. आधार कच्चा निघाला म्हणून दावा खोटा ठरत नाही. ग्रंथालय उघडे ठेवणे चांगलेच असेल. फक्त या उताऱ्याने ते सिद्ध केलेले नाही. हुशार विद्यार्थीही इथे घसरतात.

## टप्पा ९: हीच झडती स्वतःच्या लेखनाची

प्रकल्प अहवाल किंवा प्रबंधाची फाइल उघडा आणि 'त्यामुळे' हा शब्द शोधा. जिथे जिथे सापडेल तिथे थांबून ठरवा: 'मुळे' म्हणायचे आहे, 'वरून' म्हणायचे आहे, की नुसते 'त्यानंतर'? मग 'सर्व', 'नेहमी', 'केवळ' आणि 'च' यांची पाळी. चाळीस जणांची प्रश्नावली भरून घेऊन 'ग्रामीण विद्यार्थी इंग्रजीला घाबरतात' असे लिहिले असेल तर 'या पाहणीतले बरेच विद्यार्थी' असे करा, आणि बरेच म्हणजे किती ते आकड्यात लिहा. शेवटी 'असे दिसून येते' शोधा. कुणाला, कोणत्या तक्त्यात दिसून येते, ते लिहिता येत नसेल तर ते वाक्य काढून टाका. मार्गदर्शकांना हा मसुदा त्यानंतरच पाठवा.